अर्ध्या डेसिबलचा डूख

सेक्रेटरीनं डबा वर्तमानपत्रात गुंडाळून आणला आणि टेबलावर ठेवला तेव्हाच ताईनं तो ओळखला. कागद सोडायचीसुद्धा गरज नव्हती. त्या डब्याचं वजन, ठेवताना झालेला आवाज, सगळं तिच्या ओळखीचं. बारा वर्षांपूर्वी ह्याच टेबलावर तिनं आणि तिच्या धाकट्या भावानं तो बनवला होता.

"बटण फिरवलं की करकर करतंय," सेक्रेटरी म्हणाला. हा माणूस दातांचा डॉक्टर, हौस म्हणून श्रोतेमंडळाचं काम बघायचा. "दर महिन्याला लागतो हो आम्हाला. बघता का जरा?"

"ठेवा. बघते."

"म्हणजे तुम्ही कराल ना? नाही, मागचं सगळं झालंय ते माहितेय मला, म्हणून विचारलं."

"डॉक्टर, दात उपटताना तुम्ही पेशंटचा मागचा इतिहास विचारता का? ठेवा म्हटलं ना."

डॉक्टर बिचारा हसत हसत जिना उतरून गेला. ताई मात्र हसत नव्हती. डब्याकडं बघून तिची बोटं शिवशिवायला लागली होती.

ताईचा धंदा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा. तांब्याची केसासारखी तार, मशीनचं हँडल, आणि मोजणी. बाजारात तिला वेढेवाली म्हणत. तारेचे किती वेढे घातले ह्यावर सगळा खेळ. वेढा कमी तर व्होल्ट कमी. आणि तिचा धाकटा अँप्लिफायर बनवायचा. शाळेत दोघंही फार टिकली नाहीत, पण धाकट्याच्या हातात कसब होतं. त्याचा अँप वाजायला लागला की शेजारचा चष्मेवाला दुकान सोडून दारात येऊन उभा राहायचा.

मग श्रोतेमंडळानं बोलावलं. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल, तीस खुर्च्या, आणि पहिल्या रांगेत मधोमध बसणारा एक माणूस. त्याला सगळे कानसेन म्हणत. तोंडावरसुद्धा. त्याला ते आवडायचं. एका मासिकात तो दर महिन्याला लिहायचा, कुठलं मशीन चांगलं, कुठलं टाकाऊ. त्यानं नाक मुरडलं की गिऱ्हाईक तुटलंच म्हणून समजा.

कानसेनचा स्वतःचा बाहेरून मागवलेला अँप हॉलमध्येच असायचा. त्याला सगळे 'घरचा' म्हणत. पाहुण्या अँपनं घरच्याशी झुंजायचं, असा रिवाज. धाकटा म्हणाला, झुंजू, पण सरळ झुंजू. दोन्ही अँप पडद्यामागं ठेवा. कुठला वाजतोय ते कुणाला कळता कामा नये. मध्ये एक डबा लावू, बटण इकडं केलं की एक, तिकडं केलं की दुसरा. डबा आम्ही बनवून आणतो. त्यात खरखर येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर हवा होता. तो ताईनं गुंडाळला. दोन्ही सारखे, नऊशे वेढ्यांचे.

त्या दिवशी दोन्ही अँपना मीटर लावून आवाज अगदी सारखा करून घेतला. धाकट्यानं मापंही वाचून दाखवली. आवाजात जो काही बिघाड होतो तो ह्याच्यात रुपयात एक पैसा, त्याच्यात पाऊण पैसा. एवढा फरक कुत्र्यालाही ऐकू जात नाही, म्हणाला. लोक हसले.

मग पडदा ओढला, डॉक्टर आत बटणापाशी बसला, सुरुवात कुठल्या अँपनं करायची ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि गाणं लागलं. पहिला वाजला, दुसरा वाजला. परत पहिला, परत दुसरा. कागदावर लिहायचं, कुठला चांगला. तीस जणांपैकी चोवीस जणांनी दुसरा लिहिला. दुसरा म्हणजे घरचा.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मतं मोजताना कानसेननं एक चिठ्ठी वर धरली. "हे अक्षर कुणाचं?" अक्षर धाकट्याचं होतं. त्यानंही दुसराच लिहिला होता. पडद्याआड आपलाच अँप कुठला ते त्यालाही ठाऊक नव्हतं, जे कानाला बरं वाटलं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं.

"घ्या," कानसेन म्हणाला. "बापालाच पोर आवडलं नाही."

हॉल फुटला हसून. डॉक्टरही हसला. आणि पुढच्या महिन्याच्या मासिकात छापून आलं, की अमुक एका घरगुती कारागिराचा अँप म्हणजे नीट बांधलेलं घर आहे, फक्त आत कुणी राहत नाही.

त्यानंतर धाकट्यानं अँप बनवला नाही. गिऱ्हाईकं गेली म्हणून नाही. गिऱ्हाईकं परत आणता येतात. त्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास गेला. गाणं लावलं की दोन मिनिटांत उठून बंद करायचा. "मला कळत नाही ताई," एवढंच. मग लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीला लागला. सकाळी जेवणाचा डबा घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा, जेवायचा, झोपायचा. दिवसाला दोन वाक्यं बोलला तरी पुष्कळ. आणि ताई बारा वर्षं डूख धरून बसली. सापसुद्धा इतका धरत नसेल. कानसेनचं मासिक ती दर महिन्याला विकत घ्यायची आणि त्याचं पान वाचून त्यावर ओली तार वाळत घालायची.

तर आता तो डबा तिच्यासमोर.

करकर करणारं बटण दहा मिनिटांत झालं. पण ताईच्या मनात पहिल्यापासून एक किडा होता. ह्या माणसानं काहीतरी चावटपणा केला असणार. डबा त्या दिवसानंतर मंडळातच राहिला होता. पण त्या दिवसाआधीही आदल्या संध्याकाळी तो तिथंच नेऊन ठेवला होता की. किल्ली कुणाकडं? कानसेनकडं.

तिनं मीटर काढला. दोन्ही बाजूंना एकच सूर सोडला आणि आकडे बघितले. उजव्या बाजूला एक व्होल्ट. डाव्या बाजूला शून्य पॉइंट चौऱ्याण्णव.

ताई स्टुलावर बसली.

अर्धा डेसिबल. आता अर्धा डेसिबल म्हणजे काय, तर काहीच नाही. कुणाला विचारलंत, आवाज लहान झाला का, तर नाही म्हणेल. पण लागोपाठ दोन वाजवा, आणि जो इवलासा मोठा आहे तो माणसाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. मोकळा, जिवंत वाटतो. कान असाच फसतो. धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असतं. म्हणून तर मीटर लावून आवाज सारखा करायचा.

आणि तो त्यांनी केला होता. अँपला मीटर लावून. मग डबा मध्ये जोडला, आणि त्यानंतर मोजलंच नाही. आपलाच डबा, त्याला काय मोजायचं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

"सापडलास," ताई मोठ्यानं म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं.

तिनं स्क्रू काढले. आत कानसेननं घुसवलेला एखादा फालतू पार्ट सापडेल म्हणून भिंग लावून बघितलं. काही नव्हतं. धाकट्याचे सगळे जोड जसेच्या तसे, मुंगीच्या डोक्याएवढे, चकचकीत. कुणी हात लावल्याची खूण नाही. मग राहिला तो डाव्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर. तिनं तो काढला, मशीनला लावला आणि उलट्या दिशेनं तार सोडवायला लागली. एक, दोन, तीन. भर दुपार होती, खाली हातगाड्यावाले भांडत होते, ती मोजत होती.

आठशे पन्नासला तार संपली.

तिनं ती परत गुंडाळली आणि परत सोडवली. आठशे पन्नास.

आता ताईच्या मोजणीची पद्धत सांगायला हवी. मशीनवरचा आकड्यांचा काटा कायम अडकायचा, म्हणून ती तोंडानं मोजायची आणि दर पन्नास वेढ्यांना टेबलाच्या लाकडावर खडूची एक रेघ ओढायची. अठरा रेघा झाल्या की नऊशे. त्या दिवशी मध्येच कुणी दार वाजवलं असेल, शेगडीवर काही उतू गेलं असेल, परत येऊन बसताना तिला वाटलं असेल, रेघ ओढली की नाही? आणि तिनं ओढली. आधीच ओढलेली असताना. काय झालं होतं ते तिला काही केल्या आठवेना. आठवून करायचंय काय? एक रेघ जास्त, पन्नास वेढे कमी.

बारा वर्षं साप साप म्हणून भुई धोपटली, आणि साप निघाला तो आपल्याच पदरात. शेगडीवर चहा ठेवला होता तो आटून काळा झाला तरी ती उठली नाही.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता, मुकाट्यानं पन्नास वेढे भरून डबा परत दिला असता. ताईच्या रागाला मात्र बारा वर्षांचं व्याज चढलं होतं. आता स्वतःचा राग आला, तोही त्यात मिळाला. तिनं तार घेतली आणि मोजून, एकही रेघ न चुकवता, पुन्हा आठशे पन्नासच वेढे घातले. जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून खोटं काम. फक्त डब्यात बसवताना बाजू बदलली. अशक्त ट्रान्सफॉर्मर डावीकडचा उजवीकडं गेला.

मंडळात पाहुण्याचं टेबल दाराशी, डावीकडं. घरचा खिडकीशी, उजवीकडं. बारा वर्षांत ते बदललं नव्हतं.

डबा द्यायला ती स्वतः गेली. "डॉक्टर, मजुरी नको. पुढच्या रविवारी आमचा जुना अँप एकदा परत लावू द्या."

डॉक्टरनं कानसेनला तिच्यासमोरच फोन लावला. पलीकडचं हसणं तिलाही ऐकू आलं. "आणू दे की. मेलेल्याला कितीदा मारायचं, ही तिची हौस."

धाकट्याला तिनं खरं सांगितलं नाही. "अँप अकरा किलोचा आहे, माझी कंबर धरलीय. उचलायला चल."

"कुठं?"

"विकायचाय."

तो आला. हॉल दिसल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबला. "ताई, हे बरं नाही केलंस."

"वर ठेव आणि दाराशी उभा राहा. बसूसुद्धा नकोस."

रविवारची दुपार. पंचवीसेक माणसं. कानसेन आता पासष्टीचा, केस पांढरे, पण बसायची जागा तीच. त्यानं स्वतःच मीटर लावला, दोन्ही अँपचा आवाज सारखा करून घेतला. "नंतर कुणी कुरकुर नको," म्हणाला. मग डॉक्टरनं डबा मध्ये जोडला, पडदा ओढला. कुणाच्या मनात आलं नाही डबा मोजावा. बारा वर्षं कुणाच्या आलं नव्हतं.

पहिला. दुसरा. पहिला. दुसरा. कुठल्याशा बाईचं संथ गाणं होतं, मागं एकच वाद्य. ताई गाणं ऐकत नव्हती. ती कानसेनच्या मानेकडं बघत होती. पहिला लागला की मान हलायची.

मतं पडली. बावीस जणांनी पहिला लिहिला. कानसेननं नुसतं लिहिलं नाही, तो उठून उभा राहिला. "पहिला फार वरचा आहे. गाणारी समोर येऊन बसते. दुसऱ्यावर कुणीतरी पातळ चादर टाकलीय. आज वयस्कर मंडळींनाही कळलं, बरं वाटलं." आणि डॉक्टरला म्हणाला, "सरकवा पडदा. बाईंची समजूत पटू दे."

पडदा सरकला. पहिला म्हणून डॉक्टरनं बोट दाखवलं ते धाकट्याच्या अँपकडं.

मागच्या रांगेत एक शिंपी बसायचा, तो आधी खुदकन हसला आणि मग खोकला आल्यासारखं केलं.

"घरच्यात काहीतरी बिघडलंय," कानसेन म्हणाला.

"काही बिघडलेलं नाही," ताई पुढं आली. तिच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. "आणि आमचाही काही सुधारलेला नाही. बारा वर्षं कपाटात होता. डॉक्टर, तुमचाच मीटर द्या. आता अँपला नको, डब्याला लावा. दोन्ही बाजू मोजा. मोठ्यानं वाचा."

डॉक्टरनं वाचलं. डावी एक. उजवी शून्य पॉइंट चौऱ्याण्णव.

"आता हे बघा. मागच्या आठवड्यापर्यंत हे उलटं होतं. डावी कमी, उजवी जास्त. मी बाजू बदलली. बाकी काही केलं नाही. डॉक्टर, तुमची वही काढा. डावीकडं बसलेला पाहुणा बारा वर्षांत किती वेळा जिंकला?"

डॉक्टरनं वही चाळली. बराच वेळ चाळली. "एकदाही नाही," तो म्हणाला. "एकसष्ट पाहुणे आले."

"म्हणजे माझा?" शिंपी उभा राहिला. "माझा मी ह्यांच्या शब्दावर मेव्हण्याला देऊन टाकला हो. मेव्हण्याला! तो रोज वाजवतो आणि मला फोन करून ऐकवतो."

आता हसं झालं ते कानसेनचं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण माणूस कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "थांबा," तो म्हणाला. "म्हणजे फरक होता. होता ना? मग मला ऐकू आला तो खरा होता. अर्धा डेसिबल ऐकला मी. माझ्या कानाला का नावं ठेवता?"

"तुमच्या कानाला नाही ठेवत. कान तुमचा चांगलाच आहे. ह्या खोलीतल्या सगळ्यांचाच आहे, माझ्या भावाचाही होता. त्यानं जे ऐकलं ते खरं लिहिलं. तुम्ही काय केलंत? पन्नास वेढे तांब्याची तार कमी होती, ती तुम्हाला ऐकू आली. आणि तुम्ही लिहिलंत की घरात कुणी राहत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. एकदा नाही, एकसष्ट वेळा. ऐकू येतं तुम्हाला, कळत काही नाही."

मग मधल्या रांगेतून कुणीतरी तो प्रश्न विचारला. "किल्ली तर ह्यांच्याचकडं असायची. कानसेन, डब्याला हात तुम्ही लावलात का?"

कानसेनचं तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं. तो नाही म्हणाला, पण कुणाला पटलं नाही ते त्यालाही दिसलं. बाहेरून अँप मागवून आणायचा, स्वतःच तो जिंकवायचा, स्वतःच त्यावर लिहायचं, सगळं कसं चपखल बसत होतं. ताईनं फक्त गप्प बसायचं होतं. एक शब्दही खोटं बोलायचं नव्हतं. बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर पिकून लोंबत होतं.

पण तिला ते आवडेना. दयामाया म्हणून नाही, हो. कानसेनला चोर म्हटलं की तो हुशार ठरतो. चोराला अक्कल लागते, कुठं किती कमी करायचं ते कळावं लागतं. उद्या लोक म्हणतील, लबाड होता पण कान काय होता. तिला तो चोर नको होता, मूर्ख हवा होता. आणि मूर्ख ठरवायचा तर खरं सांगायला लागणार होतं.

"त्यांनी हात लावलेला नाही," ती म्हणाली. "तेवढं त्यांना जमलं नसतं. वेढे मी घातले होते. माझी एक रेघ जास्त झाली. चूक माझी, पहिल्या दिवसापासून. फक्त ह्या माणसाच्या बारा वर्षांत ती लक्षात आली नाही, दर महिन्याला समोर बसून."

बोलताना तिनं दाराकडं बघितलं नाही. धाकटा तिथं उभा होता.

कानसेननं टोपी उचलली, मफलर उचलला. घरचा अँप तिथंच राहिला. जाताना शिंप्यानं त्याला वाट दिली, पण फार रुंद नाही दिली.

अँप घरी न्यायचा होता. दोघं दोन बाजूंनी धरून जिना उतरली. तशीच अर्ध्या रस्त्यापर्यंत आली. मग दिव्याच्या खांबाशी त्यानं अँप खाली ठेवला.

"बारा वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, ताई. मनातल्या मनात. लिफ्टच्या खड्ड्यात उभा राहून घातल्या."

"ठाऊक आहे."

"आता तुला घालाव्या लागतील."

"घाल."

आणि त्यानं घातल्या. आधी हळू, मग रस्त्यावरचे लोक वळून बघतील इतक्या मोठ्यानं. काटा अडकतोय तर मला का सांगितलं नाहीस. दोन रुपड्यांची स्प्रिंग, ती बदलली असती. खडूनं मोजतं का कुणी, किराणा दुकान आहे का तुझं? गुंडाळून झाल्यावर मीटर लावायला काय हात मोडले होते? लावला नाहीस, मीही लावला नाही, कारण तू गुंडाळलंस, म्हणजे बरोबरच असणार, असं वाटायचं मला. गाढव मी. पण गाढवाची बहीण तू. मला वाटलं माझे कान गेले. तिशीत कान गेले असं वाटतं तेव्हा माणसाचं काय होतं ठाऊक आहे तुला? मी तुला माफ करणार नाही, सांगून ठेवतो.

"नको करूस."

"मध्ये बोलू नकोस."

अँप उचलायचा, पन्नास पावलं चालायचं, की परत खाली ठेवायचा, कारण रागावायला त्याला दोन्ही हात लागायचे. घरापर्यंत असं सात-आठ वेळा झालं. ताईची कंबर आता खरंच दुखायला लागली होती, पण तिनं घाई केली नाही. मागच्या सबंध वर्षात तो जेवढं बोलला नव्हता तेवढं एका रस्त्यात बोलला होता, आणि अजून संपायची चिन्हं नव्हती.

घर आलं. तिनं कुलूप काढलं, त्याला बसायला स्टूल पुढं केलं, पाण्याचा तांब्या दिला, आणि समोर उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "पुढं?"